करंगळीचे एकवीस लाख

टायपिंगची नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी एक अक्षरही शिकवत नाही. मधल्या कॉम्प्युटरपुढं बसते, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवते आणि समोरच्या एखाद्या मुलीला सांगते, "टाक गं ती दस्ती." दस्ती म्हणजे रुमाल, माझी चांगली टॉवेलाएवढी, पांढरी आहे. ती पडली की हात झाकतात, नुसतं कापड हलताना दिसतं. बाजूच्या स्टँडवरचा मराठी उतारा वाचत मी अख्खं पान टाइप करते, प्रिंट काढते आणि वर्गात फिरवते. "काढा चूक," म्हणते. निघत नाही. मग दस्तीची घडी घालत सांगते, "सहा महिन्यांनी तुमचं असंच झालं पाहिजे. बघून टाइप करायला डोळे सगळ्यांनाच आहेत, त्याला क्लास कशाला लागतो?" झाला पहिला तास.

ही रीत माझी नाही. उमरग्याला ज्या सरांकडं मी टाइपरायटर मशीनवर शिकले, त्यांची. त्यांचे दोन कायदे होते. पहिला, झाकल्या हातानं ज्याला पान काढता येत नाही त्यानं शिकवायला बसायचं नाही. दुसरा, कीबोर्डची की मारायची आणि सोडायची; दाबून धरायची नाही. जुन्या मशीनवर की दाबून राहिली तर आतल्या दांड्या एकमेकींत अडकायच्या, आणि सरांची पट्टी बोटांवर बसायची. लोहाऱ्यात इन्स्टिट्यूट काढून मला तेवीस वर्षं झाली. दोन्ही कायदे मी पाळले. मुसलमान बाईकडं मराठी टायपिंग काय शिकायचं, म्हणून सुरुवातीला नाकं मुरडणारे होते. त्यांच्याच पोरी पुढं माझ्याकडून पास होऊन ऑफिसांत लागल्या. सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

गेल्या ऑगस्टात एका सकाळी चहाची बशी माझ्या डाव्या हातातून सुटली. उचलायला वाकले तर हातच येईना. जीभ जड झाली. आमचे हे, म्हणजे माझे मालक, एसटीत ड्रायव्हर होते, दोन वर्षांखाली रिटायर झाले. त्यांनी शेजाऱ्याची गाडी मागितली, मला मागं आडवी घातली आणि सोलापूर गाठलं. आयुष्यभर ज्या माणसानं कधी गाडी पळवली नाही, त्यानं त्या दिवशी कशी पळवली ते मला ठाऊक नाही, मी डोळे मिटून कलमा म्हणत होते. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. झटका हलका होता. बोलणं चार दिवसांत परत आलं, आणि घरच्यांच्या मते जरा जास्तच परत आलं. पाय पंधरा दिवसांत आला. हात मात्र रमतगमत येऊ लागला. अंगठा आला, मग एकेक बोट आलं, आणि करंगळी काही यायचं नाव घेईना. मनात 'हल' म्हटलं की सावकाश विचार करून हलायची.

पुण्याहून मुलगा रोज फोन करायचा. "अम्मी, खूप केलंस. चालू बॅच संपू दे, जानेवारीची घेऊ नको. इकडं ये."

बोलत होता मायेनंच, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "जानेवारीत पहिल्या दिवशी मी दस्तीखाली पान काढणार. न्हाय निघालं तर कुलूप मी स्वतः लावीन, तुला सांगायची गरज पडणार न्हाय."

फोन ठेवून मी लसूण सोलायला घेतला. डाव्या हातानं मला पाकळीसुद्धा धरवत नव्हती. पण मी बोलून बसले होते, आणि बोललेलं मागं घेणं आमच्या खानदानात कुणाला जमलेलं नाही.

चालू बॅचच्या मुली तयार होत्या, आपापला सराव करायच्या. हे सकाळी कुलूप काढायचे, हजेरी घ्यायचे आणि दाराशी बसायचे. दुपारी एक ते तीन वर्ग रिकामा असतो. मी जेवण आणि जोहरची नमाज उरकून तिथं जायचे, डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबत बसायचे. कंटाळवाणं काम! शंभर वेळा दाबला तरी तो चेंडू 'शाब्बास' म्हणत नाही.

एका दुपारी गेले तर कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरमधून टिंग टिंग, खडखड आवाज. हे पुढं वाकून बसलेले, दोन तर्जन्या कीबोर्डवर ताणलेल्या. पडद्यावर एक उतरता, रंगीत दिव्यांचा पाट होता. एक चकचकीत गोळी वरून घरंगळत येत होती, खांबांवर आपटत होती, आणि तळाशी दोन छोट्या फळ्या तिला परत वर उडवत होत्या. दोन फळ्यांच्या मधून गोळी खाली पडली की गेली. डावाला तीन गोळ्या. पिनबॉल. त्या मशीनमध्ये तो खेळ पहिल्यापासून होता, मुलींनी खेळू नये म्हणून मी तो लपवून ठेवला होता. ह्यांना बरोबर सापडला.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं. आमच्या घरात आम्ही दखनी बोलतो, पण भांडण मराठीत होतं. मराठीत मला धार येते.

"हे बघ," म्हणून त्यांनी मला मार्कांची यादी दाखवली. पहिले पाच नंबर दिसतात. पाचही ठिकाणी इंग्रजीत एकच शब्द होता, ड्रायव्हर. सगळ्यात वर अठरा लाख. पाचव्याला सहा लाख.

तेवढ्यात माझी नजर त्यांच्या बोटांवर गेली. डावी फळी झेड या कीवर चालते, उजवी तिरप्या रेघेच्या कीवर. टायपिंग शिकलेल्या कुणालाही विचारा, या दोन्ही करंगळीच्या की आहेत. झेड डाव्या करंगळीची! आणि हा माणूस ती तर्जनीनं बडवत होता. मी ह्यांना उठवलं आणि खुर्चीत बसले.

पहिल्या डावाला माझे मार्क झाले अकरा हजार. ह्यांनी हसू दाबायला खोकल्याचं निमित्त केलं.

आठवडाभर मी रोज खेळले आणि चाळीस हजाराच्या वर काही गेले नाही. गोळी आली की मी फळी मारायचे, ती लगेच खाली यायची, गोळी वेडीवाकडी उडायची आणि तिसऱ्या-चौथ्या उडीला मधून गुडुप. राग आला की मी खेळाचं टेबल हलवायचं बटण दाबायचे. त्या खेळात तशी सोय आहे, गोळीला थोडा धक्का देता येतो. पण जास्त हलवलं की खेळ रुसतो, फळ्या बंद पाडतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत गोळी सावकाश खाली जाऊ देतो. माझं ते रोज चार-पाच वेळा व्हायचं.

"तुझ्याहून लवकर रागावणारं पहिल्यांदाच बघतोय," हे म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं, "तू नुसती मारतेस. धर ना तिला. क्लच कसा अर्ध्यावर धरून ठेवतो घाटात? तशी फळी वर धरून ठेव. गोळी येऊन तिच्या खोबणीत बसती. मग निवांत सोड, बघून मार."

मला क्लच काय ठाऊक! आणि की दाबून धरायची म्हणजे काय? माझं बोट तयारच होईना. तीस वर्षं ज्या बोटाला मारलं की सोड, मारलं की सोड असं शिकवलं, ते धरून राहणार कसं? मी त्यांच्यावर ओरडले की तुमच्यासारखं बडवलं तर कीबोर्ड दोन महिने टिकायचा नाही. ते चहा प्यायला निघून गेले. मी एकटीच पडद्याकडं बघत बसले आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. शिफ्ट! शिफ्टची की आपण धरतोच की. करंगळीनंच धरतो, दुसऱ्या हाताचं अक्षर उठेपर्यंत सोडत नाही. सरांनीच शिकवलेलं. म्हणजे झेडला झेड समजायचं नाही, शिफ्ट समजायचं.

हे चहा पिऊन आले तोवर माझी गोळी उजव्या फळीच्या खोबणीत शहाण्यासारखी बसली होती. मी त्यांच्याकडं न बघताच म्हटलं, "क्लच नाही हो, शिफ्ट."

तिथून मार्क वाढायला लागले. गोळी थांबली की डोकं चालतं. मला कळत गेलं की फळीच्या टोकाजवळून मारली तर गोळी पलीकडं तिरपी जाते, मुळाजवळून मारली तर जवळजवळ सरळ वर. दिवा लागलेल्या ठिकाणी मारली तर मार्क भरपूर, उगाच इकडंतिकडं उडवण्यात काही नाही. आणि दोन्ही फळ्या एकदम कधीही उचलायच्या नाहीत, मधलं भगदाड मोठं होतं. हे सगळं मी वहीत लिहून काढलं. ह्यांना पाच नंबर मिळाले ते सवयीनं. मला शिकवायची खोड, त्यामुळं मी धडे पाडले. एक लाख, दोन लाख, साडेतीन. एकदा नऊ लाखांवर असताना लाइट गेली. त्या वेळी मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

ऑक्टोबर संपता संपता सात लाख झाले. ड्रायव्हरचा पाचवा नंबर यादीतून गळाला आणि खेळानं मला नाव विचारलं. मी 'मॅडम' असं टाइप केलं. जिलबी आणायला लावली. मुलाला फोन केला, "बघ, हात आला माझा!" त्यालाही बरं वाटलं. ह्यांनी मात्र जिलबी तशीच हातात धरली. मग हळूच म्हणाले, "मार्क झाले. पण कोणत्या हाताचे झाले?"

"म्हणजे?"

"तू सगळ्या गोळ्या उजवीकडं वळवतीस. डावीकडं आली की नुसती फळी लावून तिकडं ढकलतीस. डाव्यानं नेम धरून मारलेली एक बी गोळी मी बघितली न्हाय."

मी जिलबीचं ताट उचलून आत नेलं. दोन दिवस त्या खेळाकडं फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी एकटीनं बसून, स्वतःवर पाळत ठेवून एक डाव खेळले. अगदी खरं होतं. नकळत, पण खरं. माझा उजवा हात डाव्याला बसवून खाऊ घालत होता, आणि वर कौतुक वाटून घेत होता दोघांचं. मला रडू आलं. इतके दिवस डॉक्टरपुढं रडले नव्हते, मुलापुढं नाही. त्या दुपारी त्या खेळापुढं पदर तोंडाला लावून रडले. जानेवारीला दोन महिने राहिले होते आणि माझ्याकडं डावा हात नव्हता, नुसते मार्क होते.

हे येऊन शेजारी बसले. बाकडं ओढलं, आपली तर्जनी उजव्या फळीच्या कीवर ठेवली. "उजवी बाजू मी बघतो," म्हणाले. "तू फक्त डावी. तुझा उजवा हात मांडीखाली ठेव."

ते दोन महिने आम्ही नवरा-बायको रोज दुपारी एका कीबोर्डवर खेळलो. एक डाव, दोन हात, आणि ते दोन माणसांचे. पहिल्या दिवशी चौदा हजार झाले. माझी करंगळी उशिरा निघायची. गोळी फळीवरून घसरून गेली की मग उचलायची. मी ह्यांच्यावर ओरडायचे, "तुम्ही जोरात का पाठवता माझ्याकडं?" ते म्हणायचे, "मी पाठवत न्हाय, ती येती." ह्यांच्या तोंडून मी कधी चढा शब्द ऐकला नाही. खड्ड्यांतून गाडी काढण्यात हयात गेली, त्यांना घाई माहीतच नाही. मला सांगायचे, "वळण दिसायच्या आधी ब्रेकवर पाय जातो आमचा. तू बी आधी निघ." मग मी गोळी फळीवर यायच्या आधीच करंगळीला निरोप पाठवायला लागले. सुरुवातीला फार आधी, मग थोडं आधी, आणि एके दिवशी निरोप पाठवायचं विसरले तरी करंगळी गेली. आपली आपण! गोळी खोबणीत बसली, मी ती धरून ठेवली, पाच मोजेपर्यंत धरली, मग टोकापर्यंत घरंगळू दिली आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या दिव्यावर नेमकी मारली. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "पुढं बघ, गोळी येतीय."

दोघांचे मिळून कितीही मार्क झाले तरी ते यादीत लिहायचे नाहीत, असं आमचं ठरलं होतं. एकदा चौदा लाख झाले. खेळानं नाव विचारलं, आम्ही ते रिकामं सोडलं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी म्हटलं, "उद्या मी एकटी." दुसऱ्या दिवशी दोन्ही हात ठेवले. उजव्याची सवय मोडली होती, पहिल्या दोन डावांत त्यानंच गोळ्या घालवल्या. तिसरा डाव लागला तो लागलाच. चाळीस मिनिटं चालला. हे मागं उभे होते. त्यांचा श्वास तेवढा ऐकू यायचा. अठरा लाख ओलांडले तेव्हा मी खुर्चीच्या कडेवर आले होते. शेवटची गोळी गेली तेव्हा आकडा एकवीस लाखांच्या वर होता. त्यांच्या सगळ्या नंबरांच्या डोक्यावर मी 'मॅडम' लिहिलं आणि मागं वळून म्हटलं, "ड्रायव्हरसाहेब, सरका खाली."

ते कौतुक करतील वाटलं होतं. त्यांनी नुसतं "हं, उद्या बघतो," म्हटलं, चपला घातल्या आणि गेले. संध्याकाळी मी दूध आणायला बाहेर पडले तर चौकातला चहावाला, किराणावाला, जीपवाले, सगळे मला विचारू लागले, "मॅडम, एकवीस लाख म्हणे?" अर्ध्यांना वाटत होतं मला लॉटरी लागली.

एवढं सगळं झालं तरी पान अजून काढलेलं नव्हतं. टाइप करून बघायची माझी हिंमत होत नव्हती. एकदा घरी नाही निघालं, तर वर्गात बसायचं बळ राहिलं नसतं. म्हणून मी ते सरळ पहिल्या दिवसावर सोडलं. हा शहाणपणा नव्हता, पण माझा स्वभाव आहे तो असा आहे.

जानेवारीत सतरा जण आले, बहुतेक मुली. माकणीकडून पहाटेच्या एसटीनं आलेल्या दोघी पुढंच बसल्या होत्या. हे दाराशी खुर्ची टाकून बसले होते, हजेरीचं रजिस्टर उलटं धरून. मी मधल्या कॉम्प्युटरपुढं बसले. हात ठेवले. "टाक गं ती दस्ती," म्हटलं. दस्ती पडली. मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरू केलं.

वेग पूर्वीचा नव्हता, ते पहिल्या ओळीतच कळलं. पण हात थांबले नाहीत. डाव्या करंगळीच्या वाट्याची अक्षरं येत होती तेव्हा मी दरवेळी दात आवळत होते, आणि ती दरवेळी वेळेवर जात होती. चौथ्या ओळीनंतर दात आवळायचे विसरले. पान संपलं. प्रिंट काढली, न बघताच पुढच्या बाकड्यावर दिली.

"काढा चूक."

कागद या हातातून त्या हातात गेला. मागच्या बाकड्यावरची चष्मेवाली मुलगी भीत भीत उभी राहिली. "मॅडम, तीन चुका आहेत."

तेवीस वर्षांत हे वाक्य माझ्या वर्गात कुणी उच्चारलं नव्हतं. दारातलं रजिस्टर खाली पडल्याचा आवाज आला. "आण इकडं," मी म्हटलं. कागद घेतला, चष्मा लावला. तिनं पेन्सिलीनं तीन गोल केले होते. पहिला बघितला. दुसरा बघितला. तिसरा दोनदा बघितला. आणि मी हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मुली एकमेकींकडं बघू लागल्या.

"बरोबर आहे तुझं," मी तिला सांगितलं. "तिन्ही चुका उजव्या हाताच्या आहेत. आता डाव्या हाताची एक काढून दाखव."

कागद परत फिरला. दोघीतिघींनी मिळून एकेक अक्षर तपासलं. एक मुलगी बोट लावून वाचत होती. मग पुढच्या बाकड्यावरून आवाज आला, "न्हाय हो मॅडम. एक बी न्हाय."

"उद्या सकाळी सातला," मी म्हटलं. "नखं कापून या सगळ्यांनी."